दहा महिने उन्हाचे, विणकाम मात्र लोकरीचे

जबलपुरात थंडी म्हणावी अशी थंडी डिसेंबर-जानेवारीची. मे महिन्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. तरीही बाळासाठी काही विणायला घेतले की हातात येते ती लोकर, आणि तीही बहुतेक वेळा ॲक्रिलिक: पेट्रोलियमपासून बनणारा, घाम न टिपणारा धागा. एका बाजूला विदर्भ, दुसऱ्या बाजूला निमाड, असे दोन कापूसपट्टे हाकेच्या नाही तरी रेल्वेच्या अंतरावर असलेल्या शहराला हे शोभत नाही. रुखवतातले रुमाल आणि तोरणे सुती दोऱ्याची चालतात, मग अंगावरच्या कपड्यांनाच सुताचे वावडे का?

तक्रार ठरलेली आहे: सुताचे विणकाम ओघळते, जड होते, हात भरून येतात. तक्रार खोटी नाही. दोष मात्र धाग्यापेक्षा नमुन्याचा. लोकरीचा तंतू मुळातच कुरळा असल्याने ताणलेला टाका जागेवर परततो. कापसात ती लवचीकता नाही. लोकरीसाठी लिहिलेला, एक सुलट-एक उलट काठाचा स्वेटर जसाच्या तसा सुतात उतरवला, तर मनगटे आणि घेर सैल पडणारच. वजनाचेही तेच. कापसाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे १.५४ ग्रॅम, ॲक्रिलिकची १.१७. म्हणजे १०० ग्रॅम ॲक्रिलिकमध्ये होणारे झबले १०० ग्रॅम सुतात पुरे होत नाही. गुंडा ग्रॅमवर नव्हे, मीटरवर घ्यावा. धागा बारीक घ्यावा आणि वीण मोकळी ठेवावी: क्रोशात मुक्या खांबांची गच्च वीण पिशवीला, साखळी-खांबांची हलकी वीण झबल्याला. (जाळी इतकी मोठीही नको, की त्यात बाळाची बोटे अडकतील.)

दुकानात धाग्याचे टोक उलगडून पाहावे. पेड घट्ट पिळलेले असले तर सुई मध्येच घुसून धागा फाटत नाही. सैल पिळाचा धागा हाताला मऊ लागतो, पण त्यावर लवकर गोळे येतात. मर्सराइज्ड धागा तोरणाला उत्तम. जॉन मर्सरने १८४४ मध्ये शोधलेल्या कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेने सूत मजबूत होते आणि रंग चांगला धरते. हात पुसायच्या फडक्याला मात्र साधे सूतच. गरम भांडे धरायला ॲक्रिलिक नकोच, ते वितळते. लाल, निळा रंग असेल तर धागा भिजवून पांढऱ्या कापडावर दाबून बघावा. आधी चार-सहा इंचांचा तुकडा विणून, धुऊन, वाळवूनच टाके मोजावेत. कापूस ओला असताना उलट जास्त मजबूत असतो, त्यामुळे रोजची धुलाई सोसतो. पण कपडा दोरीवर टांगला की पाण्याच्या भाराने लांबतो. तो पसरूनच वाळवावा.

सूत महाग पडते, हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. पण थंडीत घातलेला बाळाचा स्वेटर पुढच्या थंडीला आखूड होतो. म्हणजे स्वस्त धाग्याचे दोनच महिने वसूल झाले. ऐन जानेवारीच्या रात्रीसाठी खरी लोकर घ्यावी, तिथे सुताचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. कापसाला पाणी आणि कीटकनाशके फार लागतात, हेही खरे. पण देशात सर्वाधिक सेंद्रिय कापूस मध्य प्रदेशातच पिकतो. त्याचे गुंडे, वर मीटर, पेड आणि सुईचा नंबर छापलेले, गिऱ्हाइकांनी मागितल्याशिवाय दुकानदार काही ठेवणार नाही.