उत्तर दिशा छपराकडे नसते

‘उत्तर कुठे?’ असे साजगावातल्या एका लहानग्याला मी विचारले. त्याने चटकन छपराकडे बोट दाखविले! चूक त्याची नव्हे. भिंतीवर टांगलेल्या नकाशाची आहे. त्यात उत्तर नेहमी ‘वर’च असते.

माझ्या मते मुलांचा पहिला नकाशा अंगणात असावा. उगवत्या सूर्याकडे तोंड केले, की डावा हात साधारणपणे उत्तरेकडे येतो. समोर सह्याद्रीचा कडा. तिकडून आलेली पाताळगंगा पाठीमागे, पश्चिमेला, धरमतरच्या खाडीकडे जाते. हे मुलांना काठीने मातीत रेखाटू द्यावे. मग छापील नकाशा शेजारी पसरून उत्तरेला उत्तर जुळवावी.

पृथ्वीगोलाचेही तसेच. तो स्टँडवरून काढून उन्हात चुंबळीवर असा ठेवावा, की साजगावची जागा (सुमारे १८.८ अंश उत्तर, ७३.३ अंश पूर्व) बरोबर माथ्यावर येईल आणि उत्तर ध्रुव उत्तरेकडे राहील. सकाळी ८ वाजता पाहा : जपानवर ऊन, इंग्लंड सावलीत. त्या क्षणी पृथ्वीवरही जपानात दिवस आणि इंग्लंडात रात्र असते! मेच्या मध्यावर, दुपारी साडेबाराच्या सुमारास, गोलाच्या माथ्यावर उभ्या चिकटविलेल्या काडीची सावली नाहीशी होते. अंगणातल्या खांबाचीही होते.

विद्यार्थिमित्रांनो, धाकट्या भावंडांना घेऊन हे करून पाहा. आणि शिक्षकांनो, गोल खराब होईल ही भीती सोडा. कपाटात जपलेल्या गोलापेक्षा मुलांच्या हातून पोचे पडलेला गोल अधिक शिकवितो. आपण कुठे उभे आहोत, हे ज्याला कळले, त्यालाच जगाचा नकाशा कळेल.