अभियंत्याची लेखणी

गणित उत्तम आले की अभियंता होता येते, भाषेशी त्याला काय कर्तव्य, अशी समजूत आपल्या विद्यार्थिवर्गात रूढ आहे. पुष्कळ पालकही तिला दुजोरा देतात आणि निबंधाची वही मागे पडते. ही समजूत किती चुकीची आहे, हे अभियांत्रिकी सल्लागार कंपनीतील प्रस्तावलेखकाचे काम पाहिले म्हणजे कळून येईल.

एखाद्या सरकारी खात्यास पूल वा पाणीपुरवठ्याची योजना आखून हवी असली म्हणजे ते सल्लागार कंपन्यांकडून प्रस्ताव मागविते. हा प्रस्ताव बहुधा दोन लिफाफ्यांत द्यावयाचा असतो. आता कागदी लिफाफ्याची जागा पुष्कळ ठिकाणी संगणकाने घेतली असली, तरी रीत तीच आहे. पहिल्यात काम कसे करणार याचे निवेदन, दुसऱ्यात मोबदल्याचा आकडा. पहिल्यास ठरलेले किमान गुण मिळाले नाहीत, तर दुसरा उघडलाच जात नाही. पुढे अंतिम निवडीत गुणवत्तेस ७० व किमतीस ३० असे प्रमाणही ठेवले जाते.

हा पहिला लिफाफा सिद्ध करणे हे प्रस्तावलेखकाचे काम होय. भूगर्भतज्ज्ञ, जलतज्ज्ञ, आराखडे करणारे अभियंते या सर्वांकडून माहिती मिळवून ती त्याला एका सूत्रात गुंफावी लागते. जागेची अडचण कोणती, पाहणी कोणत्या क्रमाने करावयाची, कोणते काम किती आठवड्यांत व कोणाच्या हातून होणार, हे परीक्षकास एका वाचनात उमगले पाहिजे. जुन्या प्रस्तावातील मजकूर उचलून नव्यास जोडण्याचा मोह येथे मोठा असतो. परंतु एका नदीचे वर्णन दुसरीस लागू पडत नाही. शब्दांचा फुलोरा येथे निरुपयोगी आणि अतिशयोक्ती तर घातक, कारण लिहिलेले पुढे करून दाखवावे लागते.

आपल्या हैदराबादचेच उदाहरण घ्या. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने शहराची वाताहत केली. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना १९०९ साली निजाम सरकारने सल्लागार म्हणून पाचारण केले. शहराच्या वरच्या अंगास जलाशय बांधून पुराचे पाणी अडवावे, अशी योजना त्यांनी आपल्या अहवालात मांडली. त्याच वर्षी ते म्हैसूर संस्थानच्या सेवेत गेले. उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. योजनाकर्ता रोज समजावून सांगावयास जवळ नसताही योजना उभी राहिली, कारण ती कागदावर होती.

कोणी म्हणेल, प्रस्ताव तर बहुधा इंग्रजीत लिहिले जातात. मग मराठी शाळेतील निबंधाचा उपयोग काय? इंग्रजी अवश्य शिकावी. परंतु विचारांचा क्रम लावणे, नेमका शब्द निवडणे आणि नको ते गाळणे ही सवय ज्या भाषेत आपण विचार करतो तिच्यातच प्रथम जडते. ती जडली म्हणजे दुसऱ्या भाषेतही साथ देते.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, विज्ञानाच्या प्रयोगवहीत मार्गदर्शिकेतील वाक्ये उतरवून काढू नका. प्रयोग काय केला, काय दिसले, त्यावरून काय ठरले, हे स्वतःच्या पाच वाक्यांत लिहा. उद्याच्या अभियंत्याची लेखणी तेथेच घडते.