ऊर्फ आणि मार्फत

काशीतील दूधविनायक हा मोहल्ला पंचगंगा घाट, ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट यांच्या वरच्या अंगास, अरुंद गल्ल्यांच्या गुंत्यात वसलेला आहे. महाराष्ट्रातून निरनिराळ्या काळी येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांची ही जुनी वस्ती. येथील घराचा पत्ता पुण्यामुंबईच्या माणसाला प्रथम चमत्कारिक वाटतो. आधी ‘के’ हे अक्षर, मग एक आकडा, मग तिरकी रेघ आणि पुन्हा एक आकडा. त्यानंतर मोहल्ल्याचे नाव आणि शेवटी वाराणसी २२१००१. गल्ली ओळखणाऱ्या पोस्टमनला एवढे पुरते. परंतु आकडा चुकला, घर बदलले, माणूस निवर्तला, तर पत्राचे काय व्हायचे? त्यासाठी मराठी पत्रलेखनाने फार पूर्वीपासून दोन शब्द हाताशी ठेवले होते: ‘ऊर्फ’ आणि ‘मार्फत’. पत्र माणसाच्या दुसऱ्या नावाने आले तरी पहिल्या माणसास मिळावे, ही ‘ऊर्फ’ची सोय, आणि ते तिसऱ्याच्या हाती पडले तरी योग्य स्थळी जावे, ही ‘मार्फत’ची.

हे दोन्ही शब्द फार्सी दप्तराच्या वाटेने मराठीत आले आणि हिंदीतही ते जवळजवळ त्याच रूपात नांदत आहेत. दोहोंचे मूळ एकच आहे. अरबीतील ‘ओळखणे, जाणणे’ या अर्थाच्या एकाच धातूपासून ते सिद्ध झाले. ज्या नावाने माणूस ओळखला जातो ते ऊर्फ. ज्याच्या ओळखीने काम होते ती मार्फत. पत्ता हा शेवटी ओळखीचा व्यवहार आहे, असा विचार या दोन शब्दांच्या पोटात दडलेला आहे. आज विद्यापीठांच्या भाषाविभागांत संगणकीय टपालाचा जो गोंधळ दिसतो, तो या विचाराचे विस्मरण झाल्यामुळेच, असे म्हणण्यास जागा आहे.

काशीच्या मराठी इतिहासात ‘ऊर्फ’चे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण गागाभट्टांचे. पैठणहून काशीस आलेल्या भट्ट घराण्यातील या पंडिताचे नाव विश्वेश्वर. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला, त्या प्रसंगाशी जोडलेले नाव मात्र ‘गागाभट्ट’ हेच. शास्त्रग्रंथांवर एक नाव आणि लोकांच्या जिभेवर दुसरे; तरी दोन्ही नावे एकाच माणसापाशी पोहोचतात. ‘मार्फत’चा, किंबहुना पदाच्या नावे येणाऱ्या पत्राचा दाखलाही याच नगरात सापडतो. ‘आज’ हे हिंदी दैनिक १९२० साली वाराणसीत सुरू झाले. काशीतच जन्मलेले मराठीभाषक बाबूराव विष्णु पराडकर (१८८३–१९५५) हे त्याचे ख्यातनाम संपादक. वाचक ‘संपादक, आज’ एवढेच लिहितो, तेव्हा त्याचे पत्र खुर्चीवर त्या वेळी जो कोणी असेल त्याच्या टेबलावर जाते. संपादक बदलतो, पत्ता बदलत नाही.

आता आजची स्थिती पाहावी. एखाद्या भाषाविभागाच्या माहितीपत्रकावर, नियतकालिकाच्या मलपृष्ठावर, परिसंवादाच्या निमंत्रणावर जो ई-मेलचा पत्ता छापलेला असतो, तो पुष्कळदा एका प्राध्यापकाचा व्यक्तिगत पत्ता असतो. ते प्राध्यापक निवृत्त होतात, दुसऱ्या विद्यापीठात जातात, कधी इहलोक सोडून जातात. छापील अंक मात्र ग्रंथालयात तसाच राहतो. दहा वर्षांनी कोल्हापूरचा, तंजावरचा किंवा दूधविनायकातला एखादा अभ्यासक तो अंक उघडतो, त्यावरील पत्त्यावर घरातील जुन्या पोथ्यांविषयी विचारणा करतो, आणि क्षणार्धात यंत्राचे उत्तर येते की या नावाचे कोणी येथे नाही. हे उत्तर तरी बरे. पत्ता जिवंत पण टपाल उघडणारा कोणी नाही, असे झाले तर तेवढाही निरोप मिळत नाही. विचारणारा समजतो की विभागास रस नाही. पोथ्या वाळवीच्या वाट्याला जातात. ही कोणा एका संस्थेची कथा नव्हे. संस्थेचा पत्ता आणि व्यक्तीचा पत्ता यांत भेद न केल्याचा तो सार्वत्रिक परिणाम आहे.

वस्तुतः यावरचा उपाय संगणकीय टपालाच्या जन्मापासून त्याच्यापाशी आहे. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली नाव आणि यंत्र यांच्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह घातले. तेव्हापासून पत्त्याचा उजवा भाग घर सांगतो आणि डावा भाग घरातील माणूस. परंतु डाव्या बाजूस माणूसच असला पाहिजे असे बंधन नाही. टपाल सांभाळणाऱ्या यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर, एक साधी यादी ठेवता येते. प्रत्येक ओळीत डावीकडे एक नाव, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबे, आणि उजवीकडे ते पत्र कोणाकडे जावे त्याचा पत्ता. डावीकडे ‘संपादक’, उजवीकडे सध्याच्या संपादकांचे आणि साहाय्यक संपादकांचे खाते. या यादीस इंग्रजीत ‘एलियास’ची यादी म्हणतात, मराठीत तिला ‘ऊर्फ-वही’ म्हणण्यास हरकत नाही. ‘सेंडमेल’ या जुन्या प्रणालीत ती होती, आणि १९९८ साली प्रसृत झालेल्या ‘पोस्टफिक्स’मध्येही ती त्याच रूपात आहे. यादीत बदल केल्यावर ‘न्यूएलियासेस’ ही आज्ञा द्यावी लागते, कारण यंत्र मूळ यादी न वाचता तिच्यावरून बनवलेली सूची वाचते. ही आज्ञा विसरली गेल्यामुळे ‘नाव घातले तरी पत्र येत नाही’ अशी तक्रार अनेकदा उद्भवते.

पदाच्या नावे पत्ता असावा, ही केवळ सोय नाही; संगणकीय टपालाच्या नियमांतच ती आहे. टपाल स्वीकारणाऱ्या प्रत्येक स्थळी ‘पोस्टमास्टर’ या नावाने आलेले पत्र स्वीकारले गेले पाहिजे, असा दंडक १९८२ च्या मानकातही होता आणि २००८ च्या मानकातही आहे. १९९७ साली आणखी एक मसुदा निघाला व त्यात तक्रार, सुरक्षा, विक्री अशा कामांसाठी ठरावीक नावे सुचविण्यात आली. तात्पर्य, यंत्रे घडविणाऱ्यांना व्यक्ती आणि पद यांतील भेद ठाऊक होता. तो आमच्या विभागांनी उचलला नाही, एवढेच.

‘मार्फत’चे प्रकरण याहून नाजूक आहे. एका पत्त्यावर आलेले टपाल आपोआप दुसऱ्या, बाहेरच्या पत्त्यावर धाडणे सोपे आहे. पण तेथे एक ठेच लागते. कागदी पत्राप्रमाणे ई-मेललाही पाकीट असते आणि आत पत्र असते. पाकिटावरील प्रेषक व प्राप्तकर्ता यंत्रांसाठी असतात. आतील ‘प्रति’ आणि ‘कडून’ वाचणाऱ्यासाठी. पुढे धाडताना पाकिटावरचा प्राप्तकर्ता बदलतो आणि प्रेषक बहुधा तोच राहतो. आजकाल पत्र घेणारे यंत्र विचारते की या प्रेषकाच्या वतीने पत्र आणण्याचा अधिकार या पत्रवाहकास आहे काय. ‘एसपीएफ’ या नावाची ही तपासणी आहे. मध्यस्थ सर्व्हरचे नाव मूळ प्रेषकाच्या अधिकृत यादीत नसते. म्हणून प्रामाणिक पत्रही संशयित ठरते. यावर दोन उतारे आहेत. पाकिटावरील प्रेषकाच्या जागी मध्यस्थाने आपले नाव घालावे, हा एक. दुसरा म्हणजे ‘डीकेआयएम’ ही मूळ प्रेषकाची मोहोर अभंग ठेवावी. ती टिकते, पण मजकुरास धक्का लागला नाही तरच. ‘हे पत्र संस्थेबाहेरून आले आहे’ अशी सूचना मध्यस्थाने तळाशी जोडली की मोहोर फुटते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक टपाल धाडणाऱ्यांसाठी या तपासण्या अधिक कडक केल्या. त्यामुळे जुनी, बेपर्वाईने लावलेली मार्फत आता पूर्वीइतकी निभत नाही.

आणखी एक धोका. अ चे टपाल ब कडे आणि ब चे अ कडे धाडण्याची व्यवस्था दोघांनी परस्परांस न सांगता केली, तर पत्र दोघांमध्ये घिरट्या घालू लागते. यंत्रे प्रत्येक मुक्कामाचा शिक्का पत्रावर मारतात आणि शिक्के मर्यादेबाहेर गेले की पत्र परत करतात. ‘पोस्टफिक्स’मध्ये ही मर्यादा सामान्यतः ५० मुक्कामांची असते. माणसांच्या कार्यालयात कागद असाच फिरतो, तेव्हा शिक्के मोजणारा कोणी नसतो.

तेव्हा भाषाविभागांनी व भाषाविषयक नियतकालिकांनी काही गोष्टी नियम म्हणून स्वीकाराव्यात. छापील पानावर व्यक्तीचा पत्ता एकटा कधीही देऊ नये. संपादक, विभागप्रमुख, हस्तलिखित-संग्रह अशा पदांचे वा कामांचे पत्ते द्यावेत. प्रत्येक पदापुढे निदान दोन माणसे असावीत, म्हणजे एकाच्या रजेत किंवा आजारात टपाल अनाथ होणार नाही. कार्यभार देताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर या वहीतील ओळही नव्या माणसाच्या नावे करून द्यावी. मार्फत शक्यतो विद्यापीठाच्या आतच ठेवावी. खाजगी खात्याकडे धाडायचे झाल्यास ते काही महिन्यांपुरते असावे आणि त्याची तारीख लिहिलेली असावी. आणि उजवीकडचा पत्ता मृत झाला तर परतणारा निरोप मूळ लेखकास न जाता वही सांभाळणाऱ्याकडे जावा, अशीही योजना करता येते; ती करावी.

यावर आक्षेप घेतले जातील. पहिला असा की पदाच्या पत्त्यावर आलेले पत्र सर्वांचे असते आणि सर्वांचे ते कोणाचेच नसते. आक्षेपात तथ्य आहे. परंतु दोघांपैकी उत्तर कोणी द्यायचे, हे ठरविणे माणसांचे काम आहे. ते न ठरविल्याचा दोष पत्त्यास देता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. व्यक्तीच्या विश्वासावर लिहिलेले पत्र तिच्या उत्तराधिकाऱ्याने वाचावे काय? वाचू नये. म्हणूनच दोन पत्ते वेगळे हवेत. निवृत्त प्राध्यापकांचे व्यक्तिगत खाते दुसऱ्याच्या हाती देणे हा विश्वासघात आहे. पण संस्थेच्या कामाचे टपाल व्यक्तिगत खात्यात घेत राहणे, ही संस्थेची ठेव घरी नेण्याचीच सौम्य तऱ्हा आहे. पहिली चूक टाळण्याचा मार्ग दुसरीच्या त्यागातून जातो.

भाषेच्या पत्रिकेत आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. ॲटच्या डावीकडेही देवनागरी अक्षरे लिहिता यावीत, असे मानक २०१२ साली सिद्ध झाले, ‘.भारत’ ही उजवीकडील देवनागरी ओळख २०१४ साली खुली झाली. ‘पोस्टफिक्स’ने २०१५ च्या आवृत्तीत या टपालास जागा दिली. म्हणजे ‘संपादक’ हा शब्द संपादक म्हणूनच लिहिता येतो. मात्र जगातील सर्व सर्व्हर तो ओळखतील अशी हमी नाही. येथेही ऊर्फच कामी येते: एक ओळ देवनागरी, एक रोमन, दोन्हींच्या उजवीकडे एकच खाते. मराठीपुरती गरज याहूनही मोठी आहे. दूधविनायक की दुधविनायक, येथपासून शंका सुरू होते. काशीत राहणाऱ्या ‘काळे’ आडनावाच्या माणसास हिंदी लेखणी ‘काले’ करून टाकते, आणि रोमन लिपीत तर ळ ला स्वतंत्र अक्षरच नाही. पडद्यावर एकसारखा दिसणारा ‘ऱ्य’ संगणकात दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो, आणि यंत्रास ते दोन वेगळे शब्द भासतात. शुद्धलेखनाच्या आग्रहाने हा प्रश्न सुटणार नाही. पत्र लिहिणाऱ्याने जे रूप लिहिले असेल त्याचे स्वागत करणारी ओळ वहीत असणे, हाच सौजन्याचा मार्ग.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतीय टपालात सहा आकड्यांची पिन-पद्धती सुरू झाली. तिचे कल्पक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी. नगरांची नावे भिन्न लिपींत, भिन्न उच्चारांत लिहिली जातात आणि एकाच नावाची गावेही अनेक असतात. म्हणून पत्र वाट चुकते, ही अडचण त्यांच्या योजनेमागे होती. भाषेवर प्रेम करणाऱ्या माणसाने पत्त्याचा विचार हलका मानला नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. दूधविनायकातील एखाद्या जुन्या घरातून आजही एक प्रश्न निघेल: आमच्या पोथ्यांचे काय करावे? तो कोणत्या नावाने, कोणत्या लिपीत, कोणत्या जुन्या अंकावरून पत्ता घेऊन येईल, हे आधी सांगता येत नाही. तो आला असता दार उघडणारे कोणी असावे, एवढी व्यवस्था करण्यास वहीतील एक ओळ लागते. ती लिहिण्याची जबाबदारी संगणक-विभागावर ढकलून भाषाविभागास मोकळे होता येणार नाही.