जादूच्या गोष्टी मुलांना द्याव्यात का?



सुट्टीत मुलांना वाचायला काय द्यावे, असे मी या सदरातून विचारले होते. आलेल्या पत्रांत जादूच्या कादंबऱ्यांचाच बोलबाला आहे. एक भगिनी लिहितात की, त्यांची सातवीतली मुलगी ‘हॅरी पॉटर आणि परीस’ तीन दिवसांत संपवून पुढच्या भागासाठी हटून बसली आहे. उलट एका जुन्या बागायतदार वाचकांनी मला चांगलेच सुनावले आहे : “राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि तुम्ही शेतीखात्याची माणसे पोरांच्या हाती मंत्रतंत्र देणार?”

त्यांचा राग मला समजतो. विहिरीला पाणी दाखवतो, गुप्तधन काढून देतो, अशा थापांवर बैलजोडीचे पैसे घालवून बसलेली घरे मी नोकरीत पाहिली आहेत. म्हणून पुस्तके स्वतः वाचली, मगच लिहायला बसलो.

हॅरी पॉटर मुले आपणहून वाचतात, त्याची शिफारस नको. दुसऱ्या भागातला मॅन्ड्रेकची रोपे मोठ्या कुंडीत हलवण्याचा तास मात्र मला फार आवडला. उपटलेले रोप किंचाळते, म्हणून पोरे कान झाकून काम करतात! ही वनस्पती खरी आहे, आपल्या वांग्या-धोतऱ्याच्याच कुळातली. मुळे माणसाच्या पायांसारखी फाटलेली असतात, त्यावरून ही दंतकथा निघाली.

बागायतदारांना मी दुसरेच पुस्तक सुचवीन. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही १९६८ सालची कादंबरी. नायक शेळ्या राखणारा पोरगा. मावशीच्या तोंडचा मंत्र चोरून ऐकतो आणि म्हणतो. शेळ्या धावत येतात, पण अंगाला अशा चिकटतात की हटता हटत नाहीत, कारण सोडवायचा मंत्र त्याला ठाऊक नसतो. पुढे त्याला थोर गुरू भेटतात. रानात पाऊस गाठतो. त्या मुलखातले लहानसहान मांत्रिक आलेला ढग शेजाऱ्याच्या हद्दीत ढकलतात, शेजारचा पुढे ढकलतो, असे करत पाऊस अखेर समुद्रात पडतो. हे गुरू मात्र मुकाट भिजतात. पोराला वाटते, मग ही विद्या काय कामाची? नंतर विद्यालयात त्याला शिकवतात की, इथे पाडलेला पाऊस दुसऱ्या बेटाचा दुष्काळ ठरू शकतो. एकाच ओढ्यावर वरच्या अंगाला बांध घालणारे आणि खालच्या अंगाला कोरडे राहणारे, दोघेही ज्या गावात नांदतात, तिथे हे वेगळे सांगायला नको. भोंदू मागेल ते देतो म्हणतो. इथला खरा जाणकार हात आखडतो. पुस्तक मी इंग्रजीत वाचले; अकरावी-बारावीच्या मुलांना शब्दकोश जवळ घेऊन जमेल.

टॉल्किन यांचा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन भागांत निघाला. मराठीत तो ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने आला आहे. लढाया फार आहेत, मध्येच कंटाळा येईल. पण शेवटचा भाग सोडू नका. सॅम नावाचा साधा माळी लढाईवरून गावी परततो, तर गुंडांनी झाडे तोडून गाव उजाड केलेले. त्याच्याजवळ एका राणीने दिलेली डबीभर माती असते. मित्र म्हणतो, उधळून टाक. सॅम तसे करत नाही. जिथे जिथे आवडते झाड गेले तिथे रोप लावतो आणि प्रत्येकाच्या मुळाशी एकेक कण घालतो. ही मातीही जादूचीच, पण खड्डे त्यालाच खणावे लागतात. आणि मग हिवाळाभर रोज जाऊन बघायचा मोह आवरतो. पेरणी करून चौथ्या दिवशी माती उकरून पाहणारे आपल्यात थोडे आहेत काय? मी तर हे पान घरात मोठ्याने वाचून दाखवले.

एकट्याने विकत घ्यायला ही पुस्तके जड जातात. गावच्या वाचनालयात खरेदीची यादी होण्याआधी लेखी मागणी द्यावी, चार घरांनी मिळून दिली तर उत्तम. सॅमची रोपांची हकिकत तिसऱ्या भागात अगदी अखेरीस आहे, ती घरातल्या वडीलधाऱ्यांनी आधी वाचली तरी कथेचा फारसा रसभंग होत नाही.