चौथ्या वर्षी लेखनाची वही नको

ज्युनियर केजीतल्या मुलाला रोज संध्याकाळी पानभर अक्षरं गिरवायला बसवणाऱ्या आईवडिलांना कळकळीची विनंती आहे : ती वही निदान दोन वर्षं कपाटात ठेवा.

तुमची भीती खरी आहे. शेजारची चिमुरडी शंभरपर्यंत आकडे लिहिते, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी सुबक पानाचा फोटो टाकतं, आजोबा विचारतात, ‘अजून नाव लिहिता येत नाही?’ मग आपला आवाज चढतो, मूल रडतं आणि अक्षरांशी त्याची पहिली ओळख रडण्यातूनच होते. हे नुकसान सहजासहजी भरून निघत नाही.

चार वर्षांचा हात अजून तयार व्हायचा असतो. जन्माच्या वेळी मनगटातली आठही हाडं कूर्चेची असतात. या वयापर्यंत त्यांतली मोजकीच पक्की होऊ लागलेली असतात आणि शेवटच्या हाडाची सुरुवात सहसा आठ वर्षांनंतर होते. मूल पेन्सिल मुठीत धरतं, ओळीबाहेर जातं, दोन ओळींत दमतं. त्याला आळशी किंवा हट्टी म्हणू नका.

हात तयार करायला वही लागत नाही. मटार सोलू द्या, लसणाच्या पाकळ्या सुट्या करू द्या, पोळ्या लाटताना कणकेची एक गोळी त्याला द्या. सदऱ्याची बटणं त्याची त्यालाच लावू द्या, मग बाहेर पडायला दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल. तांब्यातलं पाणी भांड्यात ओतताना सांडेल. फडकंही त्यालाच द्या. दाराला तोरण करायचं असेल तर झेंडू ओवायला बसवा. पेन्सिल पेलण्याची ताकद अशा कामांतूनच बोटांत येते. मुलाने आपणहून खडू उचलून भिंतीवर, फरशीवर रेघोट्या मारल्या तर मात्र थांबवू नका. माझा विरोध सक्तीला आहे, अक्षराला नाही.

हे आपल्याकडे फार पूर्वी करून दाखवलेलं आहे. भावनगरचे गिजुभाई बधेका पेशाने वकील. स्वतःला मुलगा झाल्यावर ते बालशिक्षणाकडे वळले, माँटेसरीबाईंचं लिखाण त्यांनी वाचलं आणि १९२० मध्ये बालमंदिर काढलं. तिथे त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये आत्ताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागडी साधनं गरिबाच्या मुलाला कुठून मिळणार? म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेलं. इतक्या तुटपुंज्या साधनांत हे जमलं, तर आपल्या स्वयंपाकघरात आणि गॅलरीत का जमू नये? गिजुभाईंचं ‘दिवास्वप्न’ आणि अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ ही दोन पुस्तकं घरात आणा. आधी बाबांनी वाचावीत, कारण पालकत्वाची पुस्तकं बहुतेक घरांत आईच्याच वाट्याला येतात.

लिहिण्याऐवजी या वयात भाषा भरपूर कानावर पडू द्या. रोज झोपताना एक गोष्ट, आणि तीही घरच्या बोलीत. गोष्ट संपली की ‘यातून काय शिकलास?’ असं विचारू नका. तीच गोष्ट उद्या पुन्हा मागितली तर पुन्हा सांगा. पुढचं वाक्य त्याला आधीच ठाऊक असतं, त्या आनंदासाठी ते ती मागतं.

शाळेशीही बोला. एकट्याने जाऊ नका. वर्गातल्या चार-पाच पालकांनी मिळून बाईंना भेटा. बऱ्याच बाईंनाही हे पटलेलं असतं, पण पालकच लेखन मागतात म्हणून त्यांना गृहपाठ द्यावा लागतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर दिला आहे, हे तिथे ठामपणे सांगा. पुढच्या पालकसभेत एवढीच मागणी करा : पहिलीच्या आधी घरी लेखनाचा गृहपाठ नको.