तेरला जमले, ते परभणीला का नाही?

धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात या बाजारपेठेचा उल्लेख आहे. तिथले शासकीय संग्रहालय उभे राहिले ते गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या मूर्ती, मणी आणि नाण्यांवर.

परभणीतल्या पेडगावसारख्या गावात नांगराला जुनी नाणी लागली, तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात. पण नुसत्या कायद्याने वारसा टिकत नाही. वस्तूचे मोल ओळखणारा माणूस आणि ती ठेवायला जवळची जागा लागते. तेरला दोन्ही मिळाले. परभणीने निदान प्रत्येक तालुक्यात एक नोंदवही आणि एक सुरक्षित खोली एवढ्यापासून तरी सुरुवात करावी.