पथ्य अडते गिरणीच्या दारात

अंधेरी, बोरिवलीपासून मुलुंड, घाटकोपरपर्यंतच्या मोठ्या दुकानांत ‘ग्लुटेनमुक्त’ असा शिक्का मिरवणारी पिठे आणि बिस्किटे आता सहज दिसतात. वजन घटविण्याच्या हौसेने ती घेणारे ग्राहक अनेक आहेत. सिलिअॅकच्या रुग्णासाठी मात्र गहू वर्ज्य करणे हाच उपचार असतो.

गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन पोटात गेले की अशा रुग्णाची प्रतिकारशक्ती त्याच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. जुलाब, पोटफुगी ही नेहमीची लक्षणे. कधी मात्र मुलाची खुंटलेली वाढ किंवा लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा पंडुरोग एवढीच खूण दिसते. आजार बरा करणारे औषध नाही, पथ्य जन्मभराचे असते.

हा पंजाब-हरियाणाकडचा आजार, भात खाणाऱ्यांना तो होत नाही, हा समज निदानाच्या आड येतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या विकाराची प्रतिपिंडे हरियाणात १.२३ टक्के, आसामात ०.८७ टक्के आणि तमिळनाडूत ०.१० टक्के प्रौढांच्या रक्तात आढळली. आसामात दिवसाचे गव्हाचे सेवन सरासरी अवघे ३७ ग्रॅम होते, हे विशेष. पाहणीत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. पोळी आणि पावावर दिवस काढणाऱ्या मुंबईकराने म्हणूनच निश्चिंत राहू नये. शंका आल्यास रक्ततपासणीपूर्वी गहू सोडू नये, अन्यथा निदान हुकण्याचा संभव असतो.

निदानानंतरची खरी अडचण माहितीची. वास्तविक मराठी स्वयंपाकघर या पथ्याला अनुकूल आहे. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी, उकडीचे मोदक, उपवासाची वरी आणि राजगिरा यांत मुळात ग्लुटेन नाही. परंतु डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो आणि सत्यनारायणाचा प्रसाद तर रव्याचाच. गिरणीत ज्वारीसाठी वेगळे जाते असले तरी हवेत उडणारी कणीक त्यावर बसतेच. घरघंटी हा त्यावरचा उपाय. पण चाळीतल्या एका खोलीत, रेशनच्या गव्हावर भिस्त असलेल्या कुटुंबाने ती घ्यायची कशी आणि ठेवायची कुठे?

ग्लुटेनमुक्त पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन नसावे, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. वेष्टनावर ग्लुटेनयुक्त धान्याचा उल्लेखही बंधनकारक आहे. गिरणीतल्या सुट्या पिठाला आणि कोपऱ्यावरच्या वड्याला मात्र वेष्टनच नसते.

दिल्लीत ‘सिलिअॅक सोसायटी ऑफ इंडिया’सारखी संस्था रुग्णांना मार्गदर्शन करते. उपनगरांत त्याची सुरुवात साध्या गोष्टींनी करता येईल. निदान होताच रुग्णाच्या हाती हिंग, भाजणी आणि रव्याचा नावानिशी उल्लेख असलेले मराठी पत्रक पडावे. आहारतज्ज्ञांनी नव्या रुग्णाची जुन्या रुग्णांच्या कुटुंबांशी गाठ घालून द्यावी. महिला बचत गटांनी गव्हाला मज्जाव असलेली गिरणी चालवावी. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा नाचणी-बाजरीचा गौरव झाला. तीच धान्ये निर्भेळ दळून मिळाली, तर या रुग्णांना रोजची भाकरी निर्धास्तपणे खाता येईल.